भवानीचं गिऱ्हाईक

दाढ काढून परत आले तेव्हा माझा अर्धा जबडा लाकडाचा झाला होता आणि झाइमकाका माझ्याच दुकानाच्या उंबऱ्यावर बसून हसत होता. हा माणूस सकाळी सकाळी हसला की समजावं, कुठेतरी घोटाळा करून बसलाय.

"झाली बघ तुझी भवानी," तो म्हणाला. "मी करून दिली. आभार मान."

आमच्या तांबट आळीची रीत अशी आहे. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. आणि आपली भवानी झाली असेल, शेजाऱ्याची व्हायची असेल, तर दुसरं गिऱ्हाईक आपल्या दुकानातून उठवून त्याच्याकडे धाडायचं. सगळी आळी हे पाळते असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? तोंडावरच्या दोन नव्या दुकानांतली माणसं पाहुण्यांना बाही धरून आत ओढतात, शेजारी मेला काय नि जगला काय. पण झाइमकाका समोरच्या दुकानात माझ्या बापाच्या वेळेपासून बसलाय आणि तो पाळतो. मी नसले तर माझं दुकानही तोच सांभाळतो.

"काय विकलंस?" मी विचारलं. शब्दांबरोबर लाळही आली.

"पूस आधी. ती जुनी काळी जेझ्वा. ऐरणीमागे खिळ्याला होती ती."

मी ऐरणीमागे पाहिलं. नुसता खिळा.

जेझ्वा म्हणजे आमचं कॉफी उकळायचं भांडं. तांब्याचं, लांब दांड्याचं, खाली फुगीर, गळ्याशी निमुळतं. सारायेवोला आलेला प्रत्येक पाहुणा एक तरी घेऊन जातो आणि घरी नेऊन त्यात पेनं ठेवतो. माझ्या दुकानात दीडशे लटकतात. त्यांतली कोणतीही विकली असती तर मी या म्हाताऱ्याचा हात चुंबला असता.

"ती विकायची नव्हती," मी म्हणाले. "ती दर्विशामावशींची. कल्हईला आलेली."

त्याचं हसू उतरलं. "तू खेड्यापाड्यांतून जुनी भांडी आणून विकतेस ना? मला वाटलं त्यातलीच."

"वाटलं?"

"अगं, ती बाई तुझ्या चकचकीत मालाला हात लावेना. हे नको, ते नको. उठून निघाली होती. पहिलंच गिऱ्हाईक तुझं, रिकामं जाऊ देऊ? मग तिला ती काळी दिसली आणि तिथेच अडली. भावसुद्धा केला नाही गं तिने."

मी खाली बसले. दर्विशामावशी दुपारच्या नमाजानंतर यायच्या होत्या.

या बाईंची मला भीती वाटत नाही, लाज वाटते, आणि ते भीतीहून वाईट. वरच्या मोहल्ल्यात, चढावर, एकट्या राहतात. लढाईत शहराला वेढा पडला त्या काळात त्यांचा नवरा फादिल पाण्याच्या रांगेत गेला तो आलाच नाही. अशी माणसं आमच्या गावात घरटी सापडतील, त्यात नवल नाही. पण मावशींनी तेव्हापासून रोज सकाळी त्याच एका जेझ्वेत कॉफी केली. आतली कल्हई कधीच उडून गेली होती, लाल तांबं दिसत होतं. मी दर भेटीला त्यांच्या मागे लागायचे. मावशी, विष पिताय. मावशी, पोट जळेल. त्या म्हणायच्या, जळू दे, माझं आहे. शेवटी या वसंतात त्यांना खरंच उलट्या झाल्या, डॉक्टरनेही तेच सांगितलं, तेव्हा कुठे फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. माझ्या हातात देताना लगेच सोडली नाही. म्हणाल्या, "ही अमानत आहे, नेव्झेता." मी म्हणाले, "मावशी, माझ्या बापाचं दुकान आहे हे."

मोठी बापाचं नाव सांगणारी.

"कशी होती ती बाई?" मी विचारलं.

"साठीची असेल. बारीक कापलेले पांढरे केस, हिरवा रेनकोट, पाठीला पिशवी. आपलीच भाषा बोलत होती, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी. स्लोव्हेनियाची."

"गेली कुठे?"

"ते मी कशाला विचारू? गिऱ्हाईक होतं, कैदी नव्हे."

"काका, दुकानात बस. कुणाला काही विकू नकोस. कुणी पाया पडलं तरी."

"आणि दर्विशा आली तर?"

"कॉफी पाज. तोंड बंद ठेव."

"दोन्ही एकदम जमणार नाही," तो म्हणाला, पण मी पायरी उतरले होते.

आमच्या बाजारात उन्हाळ्यात माणूस शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पाऊस भुरभुरत होता आणि अर्ध्या जगाने हिरवे रेनकोट घातले होते. फरसबंद गल्लीत ही गर्दी. गालिचे, चपला, लोकरी टोप्या, चुंबकं, आणि तो प्रकार, जो बघून माझं डोकं दर वेळी फिरतं: बंदुकीच्या गोळ्यांची टरफलं घासूनपुसून, वर नक्षी कोरून केलेली पेनं. आमच्यावर झाडलेल्या गोळ्या. लोक हसत हसत घेतात, भाच्याला गंमत म्हणून. ज्यांनी झाडल्या त्यांना कुणी विचारत नाही आणि आम्ही नक्षी कोरतोय. पोट आहे म्हणून कोरतोय. मीही विकते ती पेनं, म्हणून सांगतेय. ज्याला हे ओंगळ वाटतं त्याने आमच्या पोटाची दुसरी सोय सांगावी आणि मग नाक मुरडावं.

"नेव्झेता," मिठाईवाली सेनिया दुकानातून ओरडली, "नवरा पळाला की काय?"

"नवरा पळाला असता तर बसून राहिले असते," मी म्हणाले. निदान तसं म्हणायचं होतं. बाहेर काय आलं देव जाणे, कारण तिने पाण्याचा पेला पुढे केला.

"तुला झटका आलाय का गं? तोंड वाकडं झालंय."

"दाढ. हिरव्या रेनकोटची बाई पाहिलीस? स्लोव्हेनियाची?"

"सकाळपासून चाळीस पाहिल्या. एकीनेही बक्लावा घेतला नाही. साखर वर्ज्य म्हणे. मग इथे आल्या कशाला, हवा खायला?"

कारंज्यापाशी कबुतरांच्या घोळक्यात एक पांढरे बारीक केस, हिरवा रेनकोट दिसला. मी मागून जाऊन खांदा धरला. माणूस वळला तर बाप्या. जर्मन असावा. माझं लोंबणारं तोंड, हनुवटीवरची लाळ, हातवारे हे सगळं त्याने शांतपणे पाहिलं आणि खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते घेतलं. भांडायला जीभ चालत नव्हती. पुढे मशिदीच्या फाटकाशी बसलेल्या खऱ्या भिकारणीच्या वाटीत टाकलं. ती म्हणाली, "तुला नको का, बाई? तुझी दशा जास्त वाईट दिसतेय."

कबाबवाल्यांकडे डोकावले. मशिदीच्या अंगणात डोकावले. एका वाटाड्याला अडवलं, तर तो म्हणाला, स्लोव्हेनियाची मंडळी दुपारी निघणार, बस नदीकाठी उभी आहे. मी नदीकडे पळाले. पळाले म्हणजे काय, पंचेचाळिशीत तांबं ठोकून ठोकून खांदे होतात, पाय होत नाहीत. बस होती. दार लागत होतं. मी हात हलवला, दोन्ही हलवले. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, वेड्या बाईकडे बघतात तसं, आणि गिअर टाकला. काचेतून एक पांढरं डोकं दिसलं, का आणखी कुणाचं, सांगता येत नाही. पुलावरून वळून बस गेली. मागे पाटीवर लुब्ल्याना, त्यांच्या राजधानीचं नाव, लिहिलेलं होतं.

तिथे कठड्याला टेकून मी उभी राहिले. नदी पावसाने चहासारखी झाली होती. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते सापडेना. झाइमकाकावर काढावा तर त्याने माझं भलंच केलं. त्या बाईवर काढावा तर तिने पैसे मोजून वस्तू घेतली. दर्विशामावशींच्या हातून ती जेझ्वा मीच ओढून घेतली होती. त्यांच्या पोटाचं भलं करायला. जगात निम्मं नुकसान असल्या भल्यामुळे होतं. आणि वर मी ती फडक्यात बांधून कपाटात ठेवायची सोडून खिळ्याला लटकवली, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, का तर खाली वाकायचा कंटाळा.

दुपारची बांग कधीच होऊन गेली होती. मी परत निघाले. वाटेत काय सांगायचं ते जुळवत होते. चोरी झाली म्हणावं. दुसरी तसलीच जुनी जेझ्वा गोराझ्देकडच्या एका खेड्यातून आणलेली होती माळ्यावर, ती द्यावी, म्हातारीला काय कळतंय. हे माझ्या मनात आलं. येतं माणसाच्या मनात. आळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी ते टाकून दिलं होतं. मी फार चांगली आहे म्हणून नव्हे. मावशी रोज सकाळी जो दांडा धरतात तो त्यांना कळणार नाही, असं समजण्याइतकी मी मूर्ख नाही.

दुकानात दोन बायका बसल्या होत्या. एका स्टुलावर दर्विशामावशी, काळा रुमाल, काठी गुडघ्याला टेकलेली. दुसऱ्यावर पांढरे केस, हिरवा रेनकोट. मधे माझी ऐरण, तिच्यावर ट्रे, ट्रेमध्ये कॉफी. झाइमकाका कोपऱ्यात उभा होता. चेहरा असा, जणू दोन्ही खिशांत जिवंत खेकडे आहेत.

"आली," तो म्हणाला. "मी तोंड बंद ठेवलंय."

"ठेवलंय खरं," दर्विशामावशी म्हणाल्या. "मघापासून बघतेय, हा माणूस हवापाण्याशिवाय बोलत नाही. झाइम आणि गप्प? मला वाटलं कुणी मेलं."

मी त्या दुसऱ्या बाईकडे बघत होते. ती उठली. "तुम्ही मालकीण? माझी तक्रार आहे. मी मार्येता. सकाळी इथून एक जेझ्वा घेतली. हॉटेलात जाऊन आत बोट फिरवलं तर कल्हईचा पत्ता नाही. माझी सासू तुमच्याच देशातली, झेनित्साची. ती असती तर तुमच्या डोक्यात घातली असती. हे विकायचं भांडं आहे का?"

"तुमची बस गेली नाही?"

"मी बसने आलेच नाही. गाडीने आलेय. बसमध्ये गाणी म्हणतात."

मी दाराची चौकट धरली. इतकं हलकं वाटलं की हसू आलं, आणि अर्ध्या तोंडाने हसणारी बाई बघून मार्येता दोन पावलं मागे सरकली.

मग आठवलं की अजून काहीच मिटलेलं नाही. जेझ्वा तिच्या पिशवीत होती. तिने विकत घेतली होती. आणि जिची होती ती मधे कॉफी फुंकत बसली होती.

मी दोघींना उभ्या उभ्या सांगून टाकलं. जीभ अडखळत होती, तरी सगळं सांगितलं. खिळ्याला मी लटकवली हेही, आणि माळ्यावरच्या दुसऱ्या जेझ्वेचा विचार आला होता तेही. झाइमकाका मधेच म्हणाला, "विकली मी." मी म्हणाले, "तू गप्प बस."

मार्येताने पिशवी पोटाशी धरली. "म्हणजे मी परत द्यायची? मी चोरून नेली नाही. तुमच्या या अख्ख्या बाजारात मला हीच एक खरी वाटली. बाकी सगळं कारखान्यातलं. सासूची अशीच होती, ती सासू गेल्यावर दिराने उचलली, कॉफी पीत नाही मेला, तरी उचलली. मी तीन दुकानं फिरून ही शोधली."

मी दर्विशामावशींकडे बघू शकत नव्हते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"बघू तरी," त्या म्हणाल्या.

मार्येताने काढून दिली. मावशींनी ती उलटी केली नाही, आत पाहिलं नाही. दांड्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "इथे वाकलाय. फादिलने आपटली होती."

"भांडणात?" मार्येताने विचारलं.

"फुटबॉल बघताना. आपल्या संघाने पेनल्टी घालवली. माझ्याशी भांडताना त्याने कधी काही आपटलं नाही, हिंमत नव्हती."

"फादिल म्हणजे तुमचे..."

"नवरा. पाण्याला गेला तेव्हा ही चुलीवर होती. कॉफी नव्हतीच तेव्हा, मसूर भाजून कुटायचो. जाताना म्हणाला, बघ, उतू जाऊ देऊ नकोस."

"मग?"

"मग उतू गेली."

झाइमकाका भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या ताटल्या सरळ करायला लागला. त्या सरळच होत्या.

मार्येताने पिशवीची चेन लावली. रिकामी पिशवी, तरी लावली. मग म्हणाली, "मी कशाला परत देऊ? माझी होतीच कधी." आणि दर्विशामावशींच्या हातातल्या जेझ्वेकडे बोट करून माझ्यावर खेकसली, "कल्हई करा आधी तिला. उभ्या काय आहात?"

"पण भवानीचे पैसे परत करायचे नसतात," झाइमकाका भिंतीकडूनच म्हणाला. "सांगून ठेवतो. अख्खं वर्ष वाईट जातं."

"पैसे कोण मागतंय, म्हाताऱ्या? दुसरी द्या मला. पण खरी. वर काजळी फासलेली नको."

मी शिडी लावली. दीडशे जेझ्वा. मी त्या तोंडावरच्या दुकानदारांना दिवसभर शिव्या देते, बाहेरचा कारखान्यातला माल आमच्या आळीच्या नावावर खपवतात म्हणून. आता ही बाई खाली उभी राहून वर बघत होती आणि मला खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"ही फळी सगळी मशीनची," मी म्हणाले. "ट्रकने येते. बुडाला चिकटवलेले कारखान्याचे कागद मी नखाने काढते. ती बाजूचीही तीच. हे कोरलेले पेलेही."

"नेव्झेता," झाइमकाका घाबरून म्हणाला, "अगं बाहेर गिऱ्हाइकं उभी आहेत."

"ऐकू दे. माझ्या हातच्या या तीन. दिवसाला एक होत नाही माझ्याने, आणि एवढ्या पैशांत कुणी घेत नाही, म्हणून बाकीचा पसारा. घ्या यांतली."

मार्येताने तिन्ही हातात घेऊन पाहिल्या. पोटावर ठोक्यांच्या खुणा होत्या, मशीनच्या असतात तशा सारख्या नव्हेत, एकीकडे दाट, एकीकडे विरळ, मी दमले असेन तिथे. तिने मधली घेतली. नखाने वाजवली.

"फारच नवी आहे," ती म्हणाली.

"वापर," दर्विशामावशी म्हणाल्या. "रोज वापर. काळी होईल."

"किती दिवसांनी?"

"तुला घाई कसली आहे?"

मी भट्टी पेटवली. भाता झाइमकाकाने धरला, न सांगता. जेझ्वा आतून घासली, उलटसुलट तापवली, नवसागर टाकला. पांढरा धूर निघाला, सगळे खोकलो. बाहेरची पाहुणे मंडळी फोन वर धरून उभी राहिली. मग कथील लावलं आणि कापसाच्या बोळ्याने एका हाताने गरकन फिरवलं. लाल तांब्यावर पांढरी चकाकी धावत गेली, गळ्यापर्यंत. हे काम मी हजारदा केलंय. त्या दिवशी दर्विशामावशी माझ्या हाताकडेच बघत होत्या, भांड्याकडे नाही. बाहेरचा काळा रंग मी पुसला नाही. दांड्यालाही हात लावला नाही. वाकलेला राहिला.

थंड पाण्यात बुडवली तेव्हा ती चुर्रर्र वाजली. मी फडक्याने कोरडी करून त्यांच्या हातात दिली आणि या वेळी मी लगेच सोडली.

त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, ही माझी नाही.

"कॉफी आहे का दुकानात?" त्यांनी विचारलं.

त्यांनीच केली. भट्टीच्या निखाऱ्यावर, उकिडवं न बसता वाकून, काठी मार्येताच्या हातात देऊन. फेस चढायला लागला तशा त्या पुढे झुकल्या आणि कडेला येण्याआधी जेझ्वा उचलली. थेंब सांडला नाही. चार पेल्यांत ओतली, आधी मार्येताला, मग झाइमकाकाला, मग मला, शेवटी स्वतःला.

"तांब्याची चव नाही लागत," त्या पहिल्या घोटानंतर म्हणाल्या.

"मग बरं ना, मावशी?"

"बरं आहे." आणखी एक घोट घेतला. "सवय करावी लागेल."

मार्येताने पेला संपवून ट्रेवर उपडा केला आणि म्हणाली, सासू अशीच करायची, पातळ. दर्विशामावशी म्हणाल्या, तुझ्या सासूला कॉफी करता येत नव्हती मग, ही घट्ट आहे. झाइमकाका म्हणाला, पातळच आहे. तिघांचं त्यावर जुंपलं. दारातून एका पोरीने डोकं आत घालून विचारलं, ते गोळीचं पेन केवढ्याला. मी खुर्ची उचलली, दारात आडवी लावली आणि दुकान बंद आहे म्हणून सांगितलं.